राउंड फिगर करा, बाई!

सहावीच्या वर्गात वर्ष सुरू झालं की मी फळ्यावर ५७,३८२ लिहिते आणि विचारते, ‘‘सातची स्थानिक किंमत किती?’’ निम्मा वर्ग ओरडतो, ‘‘सात हजार!’’ उरलेला निम्मा ओरडतो, ‘‘सात!’’ दुसऱ्या निम्म्याचंही चुकलेलं नसतं, त्यांनी दर्शनी किंमत सांगितलेली असते. दर्शनी किंमत म्हणजे अंक जसा दिसतो तशी. सात दिसतोय, तर सात. यात विचारण्यासारखं काय आहे, हे मला आजवर एकाही मुलाला पटवता आलेलं नाही. तरीही शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीत ‘स्थानिक व दर्शनी किमतींतील फरक सांगा’ हा प्रश्न काही सुटत नाही. वरच्या उदाहरणात तो फरक ६,९९३ येतो. या ६,९९३चा संसारात कुणाला काही उपयोग झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

स्थानिक किंमत खरं तर मुलांना उपजतच कळते. तोच मुलगा पहिल्या बाकावर बसला की एकट्यापुरता असतो, शेवटच्या बाकावर गेला की दहाजणांना पुरून उरतो. अडचण येते ती शून्यापाशी. ‘चार हजार सात’ लिहा म्हटलं की वहीत ४०००७ उमटतं. तर्क बिनतोड आहे: चार हजार सांगितले, ते लिहिले, सात सांगितले, तेही लिहिले. शून्य लिहायला शिकलो, पण ते जागा राखण्यासाठी असतं आणि खरा मालक आला की उठून जातं, हे कळायला वेळ लागतो. ब्रह्मगुप्तानं इसवी सन ६२८मध्ये शून्याशी कसं वागावं याचे नियम लिहून ठेवले. भारतानं जगाला शून्य दिलं, असं पंधरा ऑगस्टला हातवारे करून सांगणारी आमची भाषणपटू मुलगी सोळा ऑगस्टला ४,००७मध्ये एक शून्य जादाचं देऊन मोकळी होते. दातृत्व अंगात मुरलेलं, दुसरं काय!

त्यात आपण मराठी माणसं बेचाळीस म्हणताना दोन आधी उच्चारतो आणि चाळीस मागून. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘सत्तर तीन’ असंही वाचन दिलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला! गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे कारणं सांगत होत्या, विधानसभेत कोट्या चालल्या होत्या, आणि घरोघरी गणितात काठावर पास झालेले काका लोक मातृभाषेच्या रक्षणासाठी उभे ठाकले होते. मला विचाराल तर ती पद्धत चांगली होती. पण मला कुणी विचारलं नाही. बेचाळीस ऐकून २४ लिहिणाऱ्या वह्या काका लोकांकडे तपासायला जात नाहीत, माझ्याकडे येतात.

दशांश अपूर्णांक सुरू झाले की एक प्रश्न ठरलेला. ‘‘बाई, डावीकडे एकक, दशक, शतक. उजवीकडे दशांश, शतांश. मग एकांश कुठे गेला?’’ हा प्रश्न विचारणाऱ्या मुलाचा मी मनातल्या मनात सत्कार करते. दशांशचिन्हाच्या दोन्ही बाजूंना सारखी मांडणी असावी, असं त्याला वाटतं. पण मांडणीचा मध्य ते चिन्ह नसून एकक आहे. एककाच्या एका हाताला दशक, दुसऱ्या हाताला दशांश. एवढं समजावून झालं की तोच मुलगा ०.२५ हे ०.३पेक्षा मोठं ठरवतो. का? तर तीनपेक्षा पंचवीस मोठे. सत्कार रद्द.

आणि मग येते आसन्न किंमत. नियम सोपा: जवळच्या दहापर्यंत आणायचं असेल तर एककाचा अंक पाहायचा, पाच किंवा जास्त असेल तर वर, कमी असेल तर खाली. एकदा मी विचारलं, ‘‘त्रेचाळीसची आसन्न किंमत?’’ वर्गात एका किराणा दुकानदाराचा मुलगा आहे. त्यानं उभं राहून विचारलं, ‘‘घ्यायचेत की द्यायचेत, बाई?’’

पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्यांना हे सुचलेलं नाही. त्याच्या दुकानात घ्यायचे असतील तर त्रेचाळीसचे पंचेचाळीस होतात आणि वरच्या दोन रुपयांची चॉकलेटं मिळतात. ‘‘जीएसटीच्या कायद्यातसुद्धा नियमच आहे,’’ मी म्हटलं. ‘‘पन्नास पैसे किंवा जास्त असतील तर पुरता रुपया धरायचा, कमी असतील तर सोडून द्यायचे.’’ तो अविश्वासानं म्हणाला, ‘‘सोडून देतात? सरकार?’’

एसटीनं मात्र मला चांगलाच हात दिला. २०१८च्या भाडेवाढीत सुट्या पैशांची कटकट नको म्हणून तिकीट पाचच्या पटीत केलं होतं: सात रुपये होत असतील तर पाच, आठ होत असतील तर दहा. हे सांगताच वर्ग खवळला. सात हा पाचपेक्षा मोठा, मग तो वर जायला नको? मग फळ्यावर रेघ ओढली, तिच्यावर पाच आणि दहा मांडले. सातपासून पाच दोन घरं दूर, दहा तीन घरं. एसटीचं बरोबर निघालं. ‘पाच किंवा जास्त’ हे पाठांतर फक्त दहा-शंभरच्या हिशेबात चालतं, मूळ गोष्ट जवळ काय हीच असते. जे मला महिनाभर शिकवता आलं नसतं, ते एका कंडक्टरच्या तिकिटानं शिकवलं.

जवळच्या शंभरात आणताना मुलं पायरी-पायरीनं चढतात. ४४५चे आधी ४५० करतात, मग ४५०चे ५००. सरळ पाहिलं तर उत्तर ४०० आहे. पण दोनदा ‘वर’ केलं की शंभराचा फायदा. ही युक्ती त्यांना कुणी शिकवलेली नाही.

आसन्न किमतीशी आपल्या समाजाचं मुळातच वाकडं आहे. पूर्ण पाचशे खिशात असले तरी आहेराच्या पाकिटात आपण ५०१ घालतो. म्हणून मी वर्गात एव्हरेस्टची गोष्ट सांगते. राधानाथ सिकदार यांच्या गणितावरून शिखराची उंची नेमकी २९,००० फूट आली, पण लोकांना तो ढोबळ अंदाज वाटेल म्हणून अँड्र्यू वॉ यांनी १८५६मध्ये २९,००२ जाहीर केली, असं सांगतात. एकदा ती ऐकून वर्ग गप्प झाला. मग मागून आवाज आला, ‘‘शकुनाला एकच फूट लावायचा ना, बाई. दोन कशाला?’’

सहामाहीनंतर त्या दुकानदाराच्या मुलाचे वडील भेटायला आले. चिरंजीवांना गणितात ३४. ‘‘राउंड फिगर करा, बाई,’’ ते म्हणाले. मी म्हटलं, ‘‘जवळच्या दहात केले तर तीस होतील.’’ ते क्षणभर थांबले. मग अत्यंत सौम्य आवाजात म्हणाले, ‘‘तसं नको. तुम्ही फक्त अर्धा गुण द्या. उरलेला अर्धा तुमचा नियमच देईल.’’

गुण मी दिला नाही. बापलेकांना गणित उत्तम येतं, असा शेरा मात्र प्रगतिपुस्तकात लिहिला. बाकीच्या पालकांना एवढीच विनंती, की राउंड फिगर मागायला शाळेत येण्याआधी घरीच शेवटचा अंक पाहून घ्या. चार असेल तर मुलाला घेऊन या. तो तरी सरळ हिशेब घालील.