वटार येथील एका फिरत्या कचेरीची कैफियत

नालासोपारा स्थानकाच्या पश्चिमेस उतरून, रिक्षातील चौथा इसम या नात्याने चालकाच्या मांडीला मांडी लावून, समुद्राच्या दिशेने निघालेल्या प्रवाशास जेथे इमारतींची रांग संपून केळीची पाने दिसू लागतात, त्या हिरव्या पट्ट्यात आमचे वटार वसलेले आहे. आणि ते गाव की उपनगर, हा प्रश्न मात्र 2009 साली वसई-विरार महानगरपालिका अस्तित्वात आल्यापासून मोठ्या हिरिरीने वादला गेला आहे. या पट्ट्यातील गावे पालिकेत ठेवावीत की वगळावीत, यावरून मोर्चे निघाले, हुकूम सुटले, प्रकरण उच्च न्यायालयाच्या दारी गेले. ज्या गावाचे स्वरूप ठरवताना एवढी दमछाक झाली, त्या गावात उपनगरी थाटाची सामायिक कचेरी, म्हणजे ज्यास हल्ली को-वर्किंग स्पेस म्हणतात ती, हुडकण्याचा उद्योग मी आरंभला, तेव्हा मोबाइलवरील नकाशाही गोंधळला यात त्याचा दोष नाही. ‘माझ्या जवळ’ म्हणून त्याने प्रथम अंधेरी दाखवली. मी आणखी जवळचे मागितले तेव्हा राजोडी-कळंबच्या किनाऱ्यावरील रिसॉर्ट, एक झेरॉक्सचे दुकान आणि एक मंगल कार्यालय, अशी उतरत्या क्रमाने तजवीज केली.

या शोधाचे कारण सांगणे प्राप्त आहे. 2020 च्या टाळेबंदीत मुंबईच्या कचेऱ्यांनी आपापले कारकून दफ्तरासह घरी पाठवले, त्यांतील काहींना परत बोलावण्याचे राहून गेले, आणि त्या भाग्यवंतांत माझी गणना होते. विरारपर्यंत विजेची गाडी 1936 साली आली तेव्हापासून या मुलखातील माणसाच्या नोकरीची खूण म्हणजे त्याचे पहाटे घरातून नाहीसे होणे. भाजीच्या पाट्या आणि फुलांचे भारे घेऊन दादर-पार्ल्याकडे निघणाऱ्या बाया असोत की फोर्टातील बँकेचे फडणीस असोत, जो अंधारात जातो आणि अंधारात परततो तो कामाचा माणूस, हा येथला सिद्धान्त. आणि सकाळी दहा वाजता ओटीवर लॅपटॉप उघडून बसलेला सशक्त मनुष्य या सिद्धान्तानुसार एकतर आजारी असतो किंवा बडतर्फ.

शेजारचे काका कोयता घेऊन वाडीकडे जाताना फाटकाशी थांबतात.

“आज सुट्टी वाटतं?”

“नाही काका, काम चालू आहे.”

काका प्रथम पडद्याकडे आणि मग माझ्या स्वच्छ हातांकडे पाहतात. “बरं, बसलाच आहेस तर जरा लोंगर धरायला ये.”

वडीलधाऱ्या माणसास नाही म्हणण्याची वहिवाट आमच्याकडे नसल्यामुळे मी कानांतील यंत्र तसेच ठेवून वाडीत गेलो, आणि केळीचा तो भलामोठा लोंगर खांद्यावर घेतला असतानाच आमच्या साहेबांनी भर बैठकीत मला तिमाहीचे आकडे विचारले. मी ते श्वास सावरीत सांगितलेही. परंतु त्यांच्या पाठोपाठ ‘अरे, कपडे सांभाळ, चीक लागेल!’ हे काकांचे खणखणीत वाक्य हैदराबाद आणि बंगळूर येथील सहकाऱ्यांपर्यंत पोहोचले. केळीचा चीक वाळला की काळा पडतो आणि जात नाही. तो डाग अंगावर वागवणारा माझा सदरा पाहून काकांनी मात्र त्या दिवसापासून मला नोकरी असल्याचे मान्य केले.

सामायिक कचेरीची कल्पना 9 ऑगस्ट 2005 रोजी सान फ्रान्सिस्को येथे ब्रॅड न्यूबर्ग नावाच्या प्रोग्रामरने प्रथम अमलात आणली. नोकरी करावी तर स्वातंत्र्य जाते आणि घरी बसावे तर एकटेपणा खायला उठतो, या पेचातून सुटण्यासाठी त्याने महिना 300 डॉलर भाड्याने आठवड्यातील दोन दिवसांपुरती एक जागा घेतली, मेजे मांडली, आणि पहिला महिनाभर तेथे कोणीही फिरकले नाही. हा वृत्तान्त सांगणारे लोक या ठिकाणी हळहळतात. मला मात्र त्या गृहस्थाचा असह्य हेवा वाटला. मेज, खुर्ची, विजेचा प्रवाह, आणि महिनाभर कोणी फिरकत नाही! पुढे जगभर या धंद्याचा जो विस्तार झाला तो सहवास विकून झाला. महानगरातील एकाकी जीव ओळखी व्हाव्यात, चार माणसे दिसावीत, म्हणून दरमहा मोबदला मोजतात. वटारमध्ये हा माल मोफत असून तो नाकारण्याची सोय नाही.

शिवाय सामायिक जागेवर पाळीने काम करणे आम्हांस नवे नव्हे. या पट्ट्यात बावखल म्हणून जे गोड्या पाण्याचे जुने जलाशय आहेत, त्यांच्या काठी रहाट फिरत आणि एकाच पाण्यावर अनेक वाड्या पाळी लावून भिजत. शहरात आज ज्याला ‘हॉट डेस्क’ म्हणून नवलाईने मिरवतात ती व्यवस्था याहून फारशी निराळी नाही. त्यांतली कित्येक बावखले बांधकामासाठी बुजवली गेली, आणि त्यांवर उभ्या राहिलेल्या इमारतींतही मला एक मेज टाकायला कोणी जागा देत नाही, ही गोष्ट मी विशेष मनाला लावून घेतली आहे.

रिसॉर्टचा प्रयोग थोडक्यात आटोपतो: माडांखाली वारा उत्तम, परंतु शेजारी पोहण्याच्या तलावात एक अख्खे मित्रमंडळ ध्वनिवर्धकासह उतरलेले. स्थानकाजवळच्या कॅफेत एका चहावर किती वेळ बसावे याचा जो अलिखित कायदा आहे, त्याची अंमलबजावणी पोऱ्या टेबल पुन्हा पुन्हा पुसून करतो. वाचनालयात शांतता होती. पण तेथील निवृत्त मंडळींना माझ्या पगाराविषयी वाटणारी आस्था कुजबुजत्या स्वरात व्यक्त होत असल्यामुळे ऐकण्यासाठी मलाच वाकावे लागे.

सबब सर्व संबंधितांस नम्र विनंती, की वटार, नाळे, निर्मळ किंवा राजोडी येथे कोणाकडे माळा, जुनी खोली अगर रिकामी पडवी असल्यास कळवावे. पंखा नसला तरी चालेल, रंग उडालेला असला तरी हरकत नाही, चहाची अपेक्षा नाही, भाडे आगाऊ मिळेल. विजेचा एक चालू सॉकेट असावा आणि दाराला आतून कडी असावी. मालकांनी ती कडी वाजवू नये, एवढी एकच अट करारनाम्यात घालावी लागेल.