हवेसाठी प्रस्ताव

गाझियाबादेत संशोधनाला तोटा नाही. सीएसआयआरच्या प्रयोगशाळांतल्या विद्यार्थ्यांना पीएचडी देणाऱ्या ॲकॅडमीचं मुख्यालय इथेच. आणि विषय? तो तर आपोआप नाकातोंडात जातो. हवेची गुणवत्ता मोजणाऱ्या आयक्यूएअर कंपनीच्या २०१९च्या अहवालात हे शहर जगात सर्वांत प्रदूषित ठरलं, पीएम २.५ची वार्षिक सरासरी ११०.२ मायक्रोग्रॅम!

मग प्रस्ताव निघतात: सेन्सर, एआय, ‘सामाजिक परिणाम’. पैसे मार्च तोंडावर आला की येतात आणि वर्ष संपण्याआधी खर्चावे लागतात, त्यामुळे संशोधन होतं ते मुख्यतः निविदांचं. शिक्षणसंस्थांच्या एनआयआरएफ क्रमवारीत प्रकल्पांतून किती निधी आणला याला गुण आहेत. हवा किती निवळली, हा रकानाच नाही.

गाझियाबादकरांनो, अहवाल येईपर्यंत मास्क स्वखर्चानं घ्या. त्याला अनुदान नाही.