आत ओळखीचं कोणी आहे का?

शब्दकोड्यांच्या संकेतस्थळाला लॉगिन हवंच कशाला, असं बायकोने विचारलं तेव्हा ‘अर्धवट सोडवलेलं कोडं जपून ठेवायला’ असं मी साळसूदपणे सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण खरी गोम निराळी. दुसऱ्या कंपनीच्या खात्यातून लॉगिनची सोय केली, की त्या बलाढ्य कंपनीच्या पानावर, तिच्याच टाइपात, ‘पुढे अमुक ठिकाणी जा’ अशा अर्थाची ओळ उमटते. त्या अमुकच्या जागी माझं नाव येणार होतं, कारण संकेतस्थळाला मी नावच स्वतःचं दिलेलं आहे. इतक्या थाटात मला लग्नपत्रिकेतसुद्धा कोणी छापलं नव्हतं.

वरून सबबीही भक्कम होत्या. माझे बहुतेक सभासद निवृत्त. कोड्यापेक्षा ‘पासवर्ड विसरलात?’ हेच बटण ते जास्त दाबतात. तेव्हा गूगल लावलं, फेसबुक लावलं. ॲपलचं बटण लावायचं तर वर्षाला 99 डॉलर भरून त्यांच्या डेव्हलपर मंडळींत सामील व्हावं लागतं. माझी स्वतःची वर्गणी शून्य रुपये. तरी भरले. दोनच बटणं लंगडी दिसत होती.

या सगळ्याच्या मुळाशी ओऑथ 2.0 नावाचं मानक आहे. आलेल्या माणसाला आपण त्या कंपनीच्या पानावर धाडायचं, पासवर्ड तिने तपासायचा आणि खातरजमा करून त्याला परत पाठवायचं. परतीचा पत्ता मात्र आधी नोंदवलेल्या पत्त्याशी अक्षर न् अक्षर जुळायला हवा. शेवटी एक तिरकी रेघ जास्त पडली तरी काम अडतं. 2012 च्या जुलैमध्ये, हे मानक पुरं होत आलेलं असताना, त्याचे प्रमुख लेखक एरन हॅमर वैतागून बाहेर पडले आणि त्यावरचं आपलं नावही त्यांनी काढायला लावलं. ऑक्टोबरात मानक प्रसिद्ध झालं ते त्यांच्या नावाविना. जगभरची लॉगिनं ज्यावर चालणार, त्यावरून नाव काढून घेणारा माणूस! आणि इथे मी प्रत्येक कोड्याखाली ‘रचना’ म्हणून नाव टाकतो, उत्तरांखाली पुन्हा टाकतो.

खरं तर आपल्या पिढीला हा प्रकार नवा नाही. आपण आपणच आहोत हे तिसऱ्याने सांगायचं, याला आपल्याकडे ट्रू कॉपी म्हणत. मार्कलिस्टची झेरॉक्स काढायची आणि गॅझेटेड ऑफिसर गाठायचा. आमच्या तालुक्यात हाताशी असलेला गॅझेटेड ऑफिसर म्हणजे गुरांचे डॉक्टर. दवाखान्याच्या आवारात फिनेलचा वास, खोड्यात अडकवलेली म्हैस, आणि तिच्या मागे मार्कलिस्टा घेऊन उभी असलेली आमची रांग. डॉक्टर म्हशीचं उरकून हात धुवायचे, ओल्या हातानेच ‘मूळ प्रत आणलीस का?’ विचारायचे. शाईचा पॅड कायमचा वाळलेला. मग रबरी शिक्क्यावर तोंडाने ‘हाऽऽ’ करून तो असा दाबायचे की खालचं टेबल हलायचं. जांभळा गोल अर्धाच उठायचा, पण त्या अर्ध्या गोलावर माणसं इंजिनिअर झाली. गंमत म्हणजे शिक्का नुसत्या कागदाला नसे. ते मूळ प्रत बघत, मग आमच्याकडे बघत, मग गणिताच्या गुणांकडे बघत आणि म्हणत, ‘वडिलांना दाखवलंस का हे?’ 2014 च्या सुमारास सरकारने आपली आपणच सही चालेल असं ठरवलं आणि ही रांग ओसरत गेली. म्हशींची सोय झाली असेल. मला मात्र ते डॉक्टर अजून आठवतात, आणि विषय कोणताही असला तरी मी त्यांच्याकडे वळतो.

तर बटणं लागली आणि सभासद भराभर वाढले. आकडा मी मुखपृष्ठावर ठळक टाकला. पुढे कळलं, की एक निवृत्त मुख्याध्यापक सोमवारी गूगलने येत, बुधवारी फेसबुकने, आणि नातवाचा आयपॅड हाती लागला की ॲपलने. ॲपल खरा ईमेल लपवायची सोय देतं, म्हणून तिथे ते कसल्याशा अगम्य अक्षरांच्या पत्त्याने नांदत होते. म्हणजे सर एकटेच तीन सभासद. आकडा मी काढला नाही. ‘सभासद’ खोडून ‘खाती’ केलं.

एकदा सरांचा फोन आला. ज्या खात्यातून ते बहुतेकदा येत, ते खातं देणारी कंपनी आता त्यांना ओळखत नव्हती. खात्याला मोबाइल नंबर जोडलेला होता तो मॅडमचा. मॅडम गेल्या, रिचार्ज थांबला, नंबर गेला, आणि कंपनी कोड पाठवणार तो त्याच नंबरवर. ‘आडवे शब्द माझे आणि उभे तिचे असायचे,’ सर म्हणाले. ‘एक अर्धं राहिलंय तिच्या हातचं.’

ते कोडं माझ्याकडेच होतं. पण कोणाचं, तर एका लांबलचक आकड्याचं. ईमेल बदलू शकतो, म्हणून माणूस या आकड्यावरूनच ओळखावा, असा नियम. तो आकडा सरांचा आहे हे सांगायचा अधिकार कंपनीला, आणि कंपनीत ज्याच्याशी बोलावं असा एक जिवंत माणूस मला सापडेना. कोडं माझं, सोडवलेलं त्यांचं, आणि मध्ये ज्याला दोघांचं काही देणंघेणं नाही तो. मला फार राग आला. त्या पानावर माझं नाव कोणत्या टाइपात येतं, हे त्या दिवशी पाहिलंही नाही.

शेवटी फोनवरच विचारलं, ‘सर, त्या कोड्यातलं काही आठवतं?’

‘न आठवायला काय झालं? उभा चौदा. पाण्याचं भांडं, तीन अक्षरी. तुमचं उत्तर घागर. ते चूक आहे. कळशी हवं. मी तेव्हाही लिहिलं होतं.’

लिहिलं होतं, आणि चांगलं पानभर लिहिलं होतं. मी डेटाबेस उघडला आणि त्या आकड्याची सगळी कोडी सरांच्या दुसऱ्या खात्यावर हलवली.

दुसऱ्या दिवशी त्यांचा ईमेल आला. ‘कोडी मिळाली. आभारी आहे. उभा चौदामध्ये तिने घागरच लिहिलेलं दिसतंय, ते तसंच राहू देतो. पण बरोबर उत्तर कळशी. आपण दुरुस्ती कधी छापणार?’