कोन मेलं थे तरी सांग!

अटलांटा, जॉर्जिया

ती. बाबा आणि सौ. आई यांस,
 

बाबा, परवा फोनवर तुम्ही चिडले, "जवा पाहा तवा तुयी डेडलाइन! कोन मेलं थे तरी सांग!" शंका रास्त आहे. खरंच माणसं मेली होती, तीही आमच्यापासून दोन-अडीच तासांच्या वाटेवर.

अँडरसनव्हिल नावाचं गाव आहे. 1864 मध्ये, इथल्या यादवी युद्धात, दक्षिणेच्या फौजेनं उत्तरेच्या कैद्यांना तिथे उघड्यावर कोंडलं. भोवती उंच लाकडी कोट, आणि त्याच्या आत सुमारे 19 फुटांवर एक साधा कठडा. कठडा ओलांडला की मचाणावरून गोळी. ती 'डेडलाइन'. सुमारे 45,000 कैद्यांपैकी जवळपास 13,000 दगावले. बहुतेक उपासमारीनं अन् रोगराईनं. आता त्या रेषेवर पांढरे खांब रोवलेत. आम्ही पाहायला गेलो तेव्हा तुमची नात चिंगी त्यांच्यातून लंगडी खेळत पार गेली, तर तुमच्या सूनबाईनं तिला दंडाला धरून मागे ओढलं!

याच युद्धामुळे अमेरिकेची रुई मँचेस्टरला जायची थांबली आणि आपल्या वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आला. 1865 मध्ये युद्ध संपलं, भाव धाडकन पडले. आता तुम्ही म्हणाल, "पाह्य, तवापासूनच मारून रायले शेतकऱ्याले!"

पुढे छापखान्यात यंत्रावरच्या ज्या रेषेपलीकडचा मजकूर छापला जात नसे, तिलाही 'डेडलाइन' हेच नाव पडलं. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकी वर्तमानपत्रांत बातमी देण्याच्या शेवटच्या वेळेला डेडलाइन म्हणू लागले, आणि तिथून ती आमच्या हापिसात शिरली. साहेब आता सॉफ्ट आणि हार्ड अशा दोन देतो. पहिली चुकली तर डोळे वटारतो, दुसरी चुकली तर पगारवाढ मारतो.

तुमचं बरं आहे. पीकविम्याची शेवटची तारीख आली की अर्जदार मरत नाही, सर्व्हर मरतो. मग मुदतवाढ! इथे मी साहेबाला मुदतवाढ मागितली, तर तो अँडरसनव्हिलच्या पहारेकऱ्यासारखा पाहत होता.

आई, "पोळ्याच्या आत दिवाळीचं तिकीट काढ, नाही तं मी चिवड्याचे पोहेच आणत नाही" हा तुझा निरोप साहेबाला समजावून सांगितला. त्यानं विचारलं, सॉफ्ट की हार्ड? म्हटलं, तुम्ही आमच्या आईला ओळखत नाही. रजा मंजूर झाली. पोहे आण, शेंगदाणे जास्त टाक.

तुमचा,
बाल्या