चिक्कीवाल्यांचा मेल

लोणावळ्यात चिक्की विकायला ई-मेल लागत नाही. पाऊस लागतो, शनिवार-रविवार लागतो आणि भुशी धरणावर नखशिखान्त भिजून भूक खवळलेलं गिऱ्हाईक लागतं. 1863 साली बोरघाटातून रेल्वे धावू लागली, तेव्हापासून या गावाचा व्यापार थांबलेल्या माणसाच्या जिवावर चालतो. पूर्वी फक्त गाडी थांबायची, आता द्रुतगती मार्गावर मोटारीही थांबतात. थांबलेला माणूस चिक्की घेतो. यात मेल आला कुठून?

तो आला हिंजवडीहून. तिथल्या आणि तळेगाव एमआयडीसीतल्या कंपन्यांना दिवाळीला वाटायला चिक्कीचे डबे हवे असतात. पण त्यांचं परचेस डिपार्टमेंट तोंडी भावावर विश्वास ठेवत नाही. त्यांना कोटेशन लागतं, तेही दुकानाच्या स्वतःच्या नावाच्या मेलवरून. म्हणून आमच्या मामांनी 2009 साली गावातल्या एका इंजिनिअरिंगच्या पोराकडून वेबसाइट करून घेतली. तिच्यावर शेंगदाणा चिक्कीचा फोटो, दुकानासमोर उभ्या असलेल्या मामींचा फोटो आणि आतापर्यंत किती पाहुणे येऊन गेले ते सांगणारा एक आकडा होता. तो आकडा वाढवण्यात मामांचा स्वतःचा वाटा मोठा होता. वेबसाइटबरोबर मेलचा पत्ताही मिळाला.

एवढी वर्षं सगळं ठीक चाललं. मग एक दिवस तळेगावच्या एका कंपनीचे साहेब फोनवर म्हणाले, "तुमचं कोटेशन आलंच नाही." ते त्यांच्या स्पॅममध्ये पडलेलं निघालं. घरात प्रिंटरची शाई बदलता येणारा मी एकटाच. त्यामुळे मी आयटीवाला. मी शोध घेतला तेव्हा कळलं की, ज्या सर्व्हरवरून आमचा मेल निघायचा, त्याच सर्व्हरवर आणखी शेकडो धंद्यांची बिऱ्हाडं होती आणि त्यांतलं कोणीतरी टक्कल घालवायचं औषध खपवायला दिवसरात्र जगाला मेल ठोकत होतं. त्याची बदनामी आमच्या चिक्कीला. त्यात फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहू यांनी मेल पाठवणाऱ्यांसाठीचे नियम कडक केलेले. हे ठिकाण सोडायला हवं, असं मी मामांना सांगितलं.

मामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "पण नाव कोणाच्या नावावर आहे?"

मावळात जमिनीच्या व्यवहारांत केस पांढरे केलेल्या माणसाचा हा प्रश्न होता, आणि तो बिनतोड निघाला. दुकानाच्या नावाचं डोमेन त्या इंजिनिअरिंगच्या पोराच्या नावावर होतं. पोरगा कॅनडात. त्यात काही बदलायचं तर ओटीपी त्याच्या कॉलेजातल्या मेलवर जाणार, तो मेल उघडायचा तर कोड त्याच्या जुन्या मोबाइलवर येणार, आणि तो नंबर कधीच बंद झालेला. मी डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या मदतकेंद्राशी झटत असताना मामींनी मधेच विचारलं, "कोण, तो वडगावचा? त्याची आई आमच्या भिशीत आहे की." अर्ध्या तासात पोरगा व्हिडिओ कॉलवर, टोरंटोत पहाटेचे चार वाजलेले. मदतकेंद्राला तिकिटं हवी होती, ओळखपत्रं हवी होती. मामींना फक्त पुढच्या भिशीला त्याच्या आईच्या हाती चिक्की द्यावी लागली.

"आणि या नावाचं दरवर्षी भाडं भरायचं?" मामांना हे खुपतं. पिनकोडचं कोणी भाडं मागत नाही. तो 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाला. टपाल खात्यातले श्रीराम भिकाजी वेलणकर, संस्कृतचे पंडित माणूस, यांनी सहा आकड्यांत सगळा देश बसवून दिला आणि लोणावळ्याच्या वाट्याला 410401 आलं. पुढे विदेश संचार निगमनं सर्वसामान्यांना इंटरनेट खुलं केलं तेही 15 ऑगस्टलाच, 1995 साली. पत्ता देण्याचा आपल्याकडचा मुहूर्त ठरलेला दिसतो. फरक एवढाच की, पहिला पत्ता फुकट मिळाला.

मेल नव्या सर्व्हरवर हलवायचा दिवस मी गुरुवार ठरवला. शनिवार-रविवारी दुकानात उभं राहायलाही जागा नसते. मेल कुठल्या सर्व्हरवर टाकायचा ते डोमेनची एमएक्स नावाची नोंद सांगते. ही नोंद जगभरचे सर्व्हर एकदा विचारून लक्षात ठेवतात आणि ठरलेली मुदत संपेपर्यंत पुन्हा विचारत नाहीत. आमची मुदत होती 86400 सेकंद, म्हणजे पुरा एक दिवस. ती आदल्या दिवशीच 300 सेकंदांवर आणून ठेवायची, मग नोंद बदलायची. बुधवारी मी मुदत कमी केली आणि नेमकी घाटात वीज गेली. मामा म्हणाले, "आता जगाला काय दिसत असेल?" जगाला काहीही दिसत नव्हतं, कारण जग त्या वेळी आम्हाला शोधत नव्हतं. पण हे तोंडावर सांगणं बरं दिसलं नसतं.

जुने मेल नव्या ठिकाणी नेताना खरी रंगत आली. मी म्हटलं, नको ते उडवू. मामींनी प्रत्येक मेलला अभय दिलं. गुळाच्या ठोक भावाची 2011 सालची पत्रं, भाचीच्या लग्नाची पत्रिका, रद्द झालेल्या डेक्कन क्वीनच्या तिकिटाची पावती. "असू दे, खायला मागतंय का?" खायला मागत नव्हतं, पण जागा मागत होतं. शेवटी जास्त जागेचे पैसे भरले.

दोन दिवस सगळं सुरळीत, फक्त वेबसाइटवरून येणाऱ्या चौकश्या थांबल्या. वेबसाइट जुन्याच सर्व्हरवर होती आणि तिच्या फॉर्मचा मेल तो सर्व्हर बाहेर सोडतच नव्हता; हा पत्ता तर आपल्याच घरातला, असं समजून जुन्या डब्यात टाकत होता. त्याला हा मेल आता बाहेर पाठवायचा असतो, अशी एक खूण करून सांगावी लागते.

उरलं एसपीएफ. डोमेनच्या नोंदींत एक ओळ लिहायची: आमच्या नावानं मेल पाठवायचा हक्क अमुक सर्व्हरला, बाकी कोणी पाठवला तर तो आमचा नव्हे. अशी ओळ एकच असावी लागते. दोन केल्या की दोन्ही बाद. मामांचा चेहरा पहिल्यांदाच उजळला. ज्या बाजारात दर दहा पावलांवर 'मूळ', 'जुने', 'अस्सल' अशा पाट्या लटकतात, तिथं हयात घालवलेला माणूस. "म्हणजे 'आमची कोठेही शाखा नाही' हेच की!" इंटरनेटवर पहिल्यांदाच काहीतरी शहाणपणाचं सापडल्याचा आनंद त्यांना झाला.

त्यापुढे डीमार्क. तोतया मेल आला तर समोरच्यानं काय करायचं, ते त्यात सांगायचं: नुसतं बघा, बाजूला ठेवा किंवा सरळ परत पाठवा. मी म्हटलं, आधी काही आठवडे नुसतं बघू. आपल्या नावानं कोणकोण मेल पाठवतं त्याचे अहवाल येतात. मामा म्हणाले, "आपल्या नावानं आपणच पाठवतो. परत पाठवा लिही." पैसे त्यांचे होते. मी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी वळवणहून धाकट्या मामांचा फोन. वाटणीत भट्टी थोरल्यांकडे राहिली, फजचं यंत्र धाकट्यांकडे गेलं; मेलचा पत्ता वाटायचं मात्र कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. धाकट्यांचं बिलिंगचं सॉफ्टवेअर स्वतःच्या वेगळ्या सर्व्हरवरून, पण दुकानाच्या त्याच पत्त्यानं, गिऱ्हाइकांना बिलं धाडत होतं.

"दादा, माझी बिलं परत येतायत. पॉलिसीत बसत नाही म्हणे. कोणाची पॉलिसी?"

"पाटी वाच," मामा म्हणाले. "कोठेही शाखा नाही."

यानंतर फोनवर जे झालं त्यात वाटणीतली परात आणि आजीच्या पाटल्याही आल्या. मामींनी फोन काढून घेतला आणि मला म्हणाल्या, "घाल रे त्याचंही नाव त्या ओळीत."

मी घातलं. सांगितलंही की, त्या ओळीत बाहेरच्यांचे असे दहापर्यंत हवाले चालतात, अकरावा आला की ओळच बाद. मामांनी मनातल्या मनात चुलत भाऊ मोजले.

"दोनावर थांब," ते म्हणाले.