क्रेडिटचा हिशेब



न्यू जर्सीत बारावी पदरात पडायला किमान 120 क्रेडिट लागतात. निदान 40 मिनिटांचा तास आठवड्यातून एकदा, असा शाळेचे वर्षभर झाला की एक क्रेडिट. रोज झाला की पाच. नववी ते बारावी अशी चार वर्षे, म्हणजे वर्षाला सरासरी 30. मार्चच्या पेपराला 35 गुण पडले की सुटका, असा प्रकार इथे नाही. किती शिकला याइतकेच किती बसला हेही मोजतात.

दहावी बीड जिल्ह्यात आणि अकरावीपासून अमेरिकेत, अशा नातवाचे खाते मध्येच उघडते. गुणपत्रिकेवर गुण असतात, तास नसतात. त्या गुणांचे क्रेडिट किती धरायचे ते शाळेचा कौन्सेलर पाहतो. गणित-विज्ञान सहसा निभावते. अडतो तो इतिहास. अमेरिकेचा इतिहास कायद्यानेच दोन वर्षे शिकावा लागतो आणि अफजलखानाच्या वधावर न थांबता चार पाने लिहिणाऱ्याची त्यातली शिल्लक शून्य. बोस्टनच्या बंदरात चहा का बुडवला, हा प्रश्न गावाकडे मांजरसुंब्याच्या चौकात कुणाला पडायचे कारण नव्हते. धुळे-सोलापूर रस्त्यावरच्या गाड्या तिथे चहा प्यायलाच थांबतात.

कलेचे 5 आणि आर्थिक साक्षरतेचे अडीच क्रेडिटही हवेत. शिवाय आरोग्य आणि शारीरिक शिक्षण, दरवर्षी पावणेचार. पीटीचा जो तास गावाकडे गणिताचे सर हक्काने मागून घेतात, त्याच्यावाचून इथे बारावीचा डिप्लोमा अडतो! दुसऱ्या भाषेचे 5 मात्र वर्गात न बसताही, ती भाषा येते हे परीक्षेत दाखवून सुटू शकतात. मराठी घरात बोलल्याचा असा रोख फायदा क्वचितच होतो.

‘राहिले तर ऑक्टोबरला बसवा’ हा सल्ला इथे लागू पडत नाही. दहावीची ऑक्टोबरची वारी महाराष्ट्रातही 2015 पासून जुलैत गेली. इथे राहिलेला विषय उन्हाळी शाळेत, ऑनलाइन किंवा कम्युनिटी कॉलेजात भरून काढतात. नियमांत त्यासाठी ‘ऑप्शन टू’ नावाने ओळखली जाणारी सोय आहे. मात्र शाळेची मंजुरी आधी घ्यायची. कोर्स उरकून मग विचारले तर सुट्टीही गेली आणि पैसेही गेले. एटीकेटीसारखे पुढच्या वर्गात बसता येते, म्हणून कमी पडलेले क्रेडिट पुष्कळदा बारावीतच उघडे पडतात. तरी घाबरण्याजोगे काही नाही: विसाव्या वर्षापर्यंत सरकारी शाळा फुकट आहे. वेळेत सुटायचे असेल तर अकरावीच्या पहिल्याच महिन्यात कागद पुढ्यात घेऊन बसणे बरे.

त्यासाठी नववीचे प्रगतिपत्रक, दहावीची गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला लागेल. विषयवार आठवड्याचे तास लिहिलेले पत्र मुख्याध्यापकांकडून मिळाले तर उत्तम. त्यात पीटीचेही तास लिहावेत, झाले असतील तेवढेच. चित्रकलेच्या एलिमेंटरीचे प्रमाणपत्र सापडले तर तेही जोडावे. सगळ्यावर गोल शिक्का स्पष्ट उमटलेला हवा.