मी, पद्मपाणी आणि चपडा लाख

माझी शैली बिघडू नये म्हणून मी एकवीस वर्षं दुसऱ्या कुणाचं चित्र धड पाहिलं नाही. प्रदर्शनाला गेलोच तर चहा कुठे ठेवलाय तेवढं बघायचं आणि परत यायचं. माझी बाई (म्हणजे चित्रातली, दर वेळी तीच, हातात निरांजन, गालावर उजेड) थेट माझ्या आतून आलेली होती, असं मी चारचौघांत सांगायचो.

निवृत्तीनंतर रविवारच्या चित्रकलेच्या वर्गाला जायला लागलो. सरांनी पहिल्याच दिवशी माझी बारा चित्रं भिंतीला टेकवून ओळीनं लावली, जरा वेळ बघितली आणि विचारलं, "काका, लहानपणी घरी दिवाळी अंक कोणते यायचे?"

घरी येऊन माळ्यावरचे गठ्ठे उतरवले. मुखपृष्ठांचे चित्रकार दलाल, मुळगावकर, पुन्हा मुळगावकर. एकेक मुखपृष्ठ झटकत गेलो आणि कानशिलं तापली. तेच पाणीदार डोळे, तीच कलती मान, केसांवर तोच उजेड. फरक एकच. मुळगावकरांच्या बायकांना मनगटं होती. माझ्या बाईचं कोपर थेट निरांजनाला चिकटलेलं.

"न बघता कुणी काढत नाही, काका," सर म्हणाले. "तुम्हीही बघितलंयत, फक्त नीट बघितलं नाहीत. एक जुनं चित्र घ्या आणि नक्कल करा." व्हॅन गॉगनं सेंट-रेमीच्या मनोरुग्णालयात असताना मिलेच्या चित्रांवरून वीसेक चित्रं केली, तीही काळ्यापांढऱ्या छापांवरून, रेषा मिलेच्या, रंग त्याचे, असंही त्यांनी सांगितलं. मला त्यातलं फक्त 'नक्कल' तेवढं ऐकू आलं.

करायचीच तर मोठी करावी म्हणून अजिंठा घेतला. पहिल्या लेणीतला बोधिसत्त्व पद्मपाणी. रद्दीवाल्याकडे एक जुनं पुस्तक मिळालं, त्यात पानभर छापलेला. माझा सगळा जीव जडला तो त्याच्या रंगावर. मधाच्या बाटलीतून बघावं तसा पिवळसर, तपकिरी, खोल रंग! बर्न्ट सिएना, यलो ऑकर, थोडा अंबर, वर पातळ पिवळ्याचे हात. चार महिने मी तो रंग घोटला. रेषेकडे म्हणावं तितकं लक्ष गेलं नाही, पण तपकिरी मात्र असा साधला की बायको दिवाणखान्यातून जाता जाता थबकली.

"अहो, हे तर भाऊजी!" ती म्हणाली. "पित्त झाल्यावर असेच खाली बघत बसतात."

माझ्या आधी अजिंठ्याच्या नकला करणाऱ्यांचा इतिहासही मी वाचून काढला होता. मेजर रॉबर्ट गिल १८४४ पासून वर्षानुवर्षं नकला करत राहिला. त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग १८७२ पासून जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन तिथे खपले. त्यांच्याही शंभरावर नकला १८८५ मध्ये लंडनच्याच संग्रहालयात जळाल्या. हे वाचल्यापासून माझी नक्कल मी मुद्दाम गॅसच्या शेगडीजवळ ठेवत होतो. काही झालं नाही.

शेवटी मूळ चित्राशी रंग ताडून बघायला अजिंठ्याला गेलो. खिशात माझ्या रंगाचे नऊ नमुने, कार्डांवर नंबर घालून. लेणीत अंधुक उजेड, अनवाणी पायांना गार फरशी. पद्मपाणीसमोर जाऊन मी एकेक कार्ड डोळ्यांसमोर धरलं. एकही नंबर जुळेना. शेजारी एक वयस्कर गाइड एका कुटुंबाला समजावत होते, "जुन्या फोटोत हे फार पिवळं दिसतं. नकला करणाऱ्यांनी रंग उठून दिसावा म्हणून वार्निश फासलं. पुढे १९२० च्या सुमारास निजाम सरकारनं इटलीहून तज्ज्ञ बोलावले, त्यांनी सुटणारे पापुद्रे धरून ठेवायला लाख लावली. ती काळवंडली. नंतर पुरातत्त्व खात्यानं पुष्कळशी काढली."

लाख. सुतार फ्रेंच पॉलिशला स्पिरिटमध्ये विरघळवतो, तीच ही चपडा लाख. चार महिने मी गुरू म्हणून ज्याचे पाय धरले होते ते पॉलिश होतं. अमृता शेरगिलनं १९३६ च्या अखेरीस अजिंठा पाहिला आणि पुढच्या वर्षी 'ब्रह्मचारी'सारखी चित्रं केली. मी अजिंठा पाहिला आणि खिशातली नऊ कार्डं हळूच आतल्या बाजूला सरकवली.

कार्ड बघायचं उरलं नाही, तेव्हा कुठे हात दिसला. कमळ धरलेला उजवा हात. बोटं कमळ पकडत नाहीत, नुसतं राहू देतात. मनगटापासून करंगळीपर्यंत एक तांबूस रेषा येते, वळताना जाड होते, पुन्हा बारीक. चौकीदारानं "चला, पुढे चला" म्हणेपर्यंत मी वहीत तेवढाच हात तीनदा काढला. तिन्ही वेळा चुकला, पण वेगवेगळा चुकला, जे माझ्या बाबतीत नवीन होतं.

घरी आल्यावर दोन महिने फक्त हात. रंग नाही, निरांजन नाही. मागच्या आठवड्यात बायको वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत बसली होती, तशीच बसल्या जागी काढली. मनगट आलं! बोटं आली. मी वही तिच्यापुढे धरली. तिनं चष्मा वर सरकवून बराच वेळ बघितलं.

"हात चांगला जमलाय हो," ती म्हणाली. "पण मी कमळ कशाला निवडीन?"